डब्यातली अर्धी भाकर

प्रिय देवानंद,

फोनवर तुझ्याशी बोलायला गेलं की मी दोन वाक्यं बोलते आणि उरलेलं सगळं तू बोलतोस. तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असतं, आणि ते इतकं गोड असतं की फोन ठेवल्यावर मला आठवतं, अरे, मी विचारलं होतं ते वेगळंच. म्हणून हे पत्र. पत्राला मधेच तोडता येत नाही. वर्षाली उद्या सकाळच्या गाडीने अकोल्याला कॉलेजवर परत जाते आहे. तिला बजावलंय की मामाच्या हातातच द्यायचं आणि त्याचं वाचून होईपर्यंत तिथून हलायचं नाही. पोरगी माझ्यावर गेली आहे, ती हलणार नाही. तेव्हा खुर्ची ओढ, पंखा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

शनिवारी सकाळी फादर सिल्व्हेस्टर आपल्या घरी येणार आहेत. तुझ्या चौकशीसाठी बिशपांनी नेमलेले तेच. तुझ्याशी त्यांचं बोलणं गेल्याच आठवड्यात झालं, हे मला त्यांच्याकडून कळलं. तू बिशप हाऊसला येऊन गेलास, अमरावतीत येऊन गेलास आणि घराकडे फिरकला नाहीस. असो. त्यांना आता आईला एकच गोष्ट विचारायची आहे. पवित्र गुरुवारी तुझ्या चॅपेलमध्ये मिस्सेला गव्हाच्या होस्तीऐवजी जी ज्वारीची भाकर वापरली, ती कशासाठी चालली आहे हे सुंदराबाईंना आधी ठाऊक होतं का? ‘घाबरायचं काही कारण नाही, जे असेल ते सांगायचं,’ असं ते फोनवर मला म्हणाले. फार सभ्य माणूस आहे. पण तिच्या उत्तरावर तुझं तिथलं काम राहणार की जाणार, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही.

आई कशी आहे असं तू दर वेळी विचारतोस आणि मी ‘बरी आहे’ म्हणते. ती बरी नाही. पुनरुत्थानाच्या रविवारनंतर तिने ख्रिस्तप्रसाद घेतलेला नाही. रविवारी मिस्सेला येते, अगदी शेवटच्या बाकावर बसते, सगळ्या प्रार्थना म्हणते, आणि लोक वेदीकडे रांगेने निघाले की डोक्यावरचा पदर पुढे ओढून मान खाली घालते. बायका विचारतात, मी सांगते गुडघे दुखतात. ज्या बाईने मलेरियात, बाबांच्या मयतीच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा ख्रिस्तप्रसाद चुकवला नाही, तिच्यासाठी मी गुडघ्यांची सबब सांगते आहे. आणि दुसरं म्हणजे, ती भाकर करत नाही. ज्वारीच्या पिठाचा डबा तसाच भरलेला आहे, मे महिन्याच्या उन्हात त्याला वास यायला लागला तरी ती हात लावत नाही. मी पोळ्या लाटते, ती निमूट खाते. आपल्या घरात तवा आहे आणि आई भाकर थापत नाही, हे तू डोळ्यांनी पाहिलंस तर तुला सहन होणार नाही, देवानंद. मला होत नाही.

तो बुधवार मला लख्ख आठवतो. तू दुपारच्या उन्हात मोटारसायकलवरून आलास, ओट्यावरच बूट काढले, वांग्याची भाजी दोनदा मागून घेतलीस आणि हात धुता धुता आईला म्हणालास, ‘माय, उद्यासाठी भाकरी करून दे. लहान लहान. तुह्याच हातच्या पाह्यजेत.’ आमच्याशी तू अजून वऱ्हाडीत बोलतोस याचं मला नेहमी बरं वाटतं. आईने विचारलं, किती लोक येतील? तू म्हणालास, वस्तीतले सगळे. तिला वाटलं, पाय धुण्याचा विधी झाल्यावर सगळ्यांचं एकत्र जेवण असणार, त्यासाठी. मलाही तेच वाटलं. तिने जातीने निवडलेल्या ज्वारीचं पीठ काढलं, तळहाताएवढ्या भाकरी थापल्या, स्टीलच्या मोठ्या डब्यात पांढरं कापड अंथरून त्या रचल्या. ‘कोनाले कमी नाई पडली पाह्यजे,’ असं म्हणत होती. मुलाच्या वस्तीतल्या गरिबांच्या पोटात आपल्या हातचं जाणार म्हणून ती खूश होती. तू डबा घेतलास, तिच्या पाया पडलास, आणि त्या कशासाठी हे एका शब्दाने बोलला नाहीस.

पुनरुत्थानाच्या रविवारी वर्षालीने मोबाइल दाखवला. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ‘आजी, मामाचा व्हिडिओ बघ, किती लोकांनी पाहिलाय!’ चॅपेलच्या अंगणात सतरंजी, मधे पाट, पाटावर आईचा डबा. तू साध्या कुडत्यावर, गळ्यात फक्त पुरोहिताचा पट्टा. सगळे गोल करून बसलेले, भाजीबाजारातल्या माळिणीसुद्धा टोपल्या बाजूला ठेवून बसलेल्या. तू भाकर वर उचललीस आणि ते शब्द म्हणालास, जे मिस्सेत म्हणतात तेच. मग भाकर मोडून हातोहात पुढे दिलीस. त्या गोलात ते म्हातारे नत्थुजी आहेत ना, खताची पोती उचलणारे? बाकी सगळे मांडी घालून बसले आहेत आणि ते एकटे सतरंजीवरून उठून खाली फरशीवर गुडघे टेकून बसले आहेत, डोळे मिटलेले, जीभ बाहेर. तू हसून त्यांचा हात धरलास आणि तुकडा हातावर ठेवलास. त्यांना कळेना काय करावं. आईने ते दोनदा लावायला सांगितलं. मग म्हणाली, ‘ते माही भाकर हाये का?’ वर्षाली म्हणाली, हो आजी, तुझीच. आई उठून मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ आली नाही.

पुढच्याच आठवड्यात बेबीताई डबा घेऊन आल्या. तुझ्या चॅपेलचं झाडलोट, स्वयंपाक सगळं त्यांच्याकडे. मनाने फार चांगली बाई. त्यांनी कौतुकाने सगळी हकिकत सांगितली. अंगणात किती चुरा सांडला होता आणि मिस्सा झाल्यावर सतरंजी झटकली तर, ‘कोंबड्यायनंही परसाद खाल्ला ना बाप्पा!’ असं म्हणून त्या हसल्या. मी आईकडे पाहिलं नाही, माझी हिंमत झाली नाही. मग त्यांनी डबा पुढे केला. ‘फादर म्हने, मायचा डबा रिकामा नोको पाठवू.’ डब्यात त्याच पांढऱ्या कापडात अर्धी भाकर होती. मिस्सेतून उरलेली. तू प्रेमाने पाठवलीस हे मला माहीत आहे. तुला वाटलं असेल, आईलाही वाटा मिळावा. पण देवानंद, तू पुरोहित आहेस, तिचा मुलगा आहेस, आणि आपण काय पाठवतो आहोत याचा क्षणभरसुद्धा विचार तुझ्या मनात आला नाही?

ती अर्धी भाकर आजही घरात आहे. आईने डबा येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली फळीवर ठेवला आहे. ती त्या भाकरीपुढे गुडघे टेकत नाही आणि तिच्याकडे पाठही करत नाही. मेणबत्ती लावते, पण थोडी बाजूला, तसबिरीची की डब्याची हे कळू नये अशी. मी आपल्या इथल्या फादरांना बोलावून आणलं. त्यांनी तिला नीट समजावलं: गव्हाच्या भाकरीशिवाय मिस्सा होत नाही, त्यामुळे ही नुसती भाकर आहे, मातीत पुरून टाका, तुम्हाला काही पाप नाही. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, ‘पण फादर, त्यानं त शब्द म्हटले ना? अन् ते म्हातारा मानूस त गुडघ्यावर होता ना?’ तिचा घोळ साधा आहे आणि त्यातून सुटका नाही. त्या भाकरीत प्रभू आला असेल, तर तिच्या हातची भाकर कोंबड्यांनी टिपली. आणि आला नसेल, तर नत्थुजी तिच्या हातच्या नुसत्या भाकरीपुढे गुडघे टेकून बसले. दोन्हीकडून हात तिचेच.

आता तू म्हणशील, ताईसुद्धा त्यांच्या बाजूची झाली. मी कुठल्या बाजूची आहे हे तुला चांगलं ठाऊक आहे. बायकांनी वेदीपाशी उभं राहून वाचन करावं म्हणून इथे भांडले ती मी. तू बेल्जियमहून शिकून आलास आणि पहिल्याच पवित्र गुरुवारी भाजीवाल्या बायांचे पाय धुतलेस, तेव्हा रडले ती मी. मिस्सेत मी घड्याळ बघते, आईसारखी एकाग्र मी कधीच नव्हते. तू एकदा चॅपेलमध्ये म्हणालास की ख्रिस्त कपाटात कुलूप लावून ठेवायची वस्तू नाही, बदल भाकरीत होत नाही, आपल्यात व्हायला हवा, तेव्हा मला ते पटलं होतं. गव्हाबद्दल म्हणतोस तेही पटलं होतं. आपल्या आजोबांच्या पिढीने सणालासुद्धा गहू पाहिला नाही. येशूने आपल्या मुलखातली भाकर हातात घेतली, तो वऱ्हाडात जेवायला बसला असता तर त्याच्या हातात ज्वारीचीच आली असती. हे तू इतकं सुंदर मांडतोस की माझ्याही अंगावर काटा येतो. गल्लीत नळ आणलास, दारूपायी मार खाणाऱ्या बायांना रात्री-अपरात्री चॅपेलमध्ये आसरा दिलास, हे पोथीतलं शिक्षण नव्हे. हे सगळं मी फादर सिल्व्हेस्टरांना सांगणार आहे, त्यांनी विचारलं नाही तरी.

पण तुझ्या त्या सगळ्या विचारांत आपली आई कुठे बसते हे मला सापडत नाही. जमिनीवर पडलेला भाकरीचा कण ती ओल्या बोटाने टिपून कपाळाला लावून खाते, तुला आठवतं? चुलीपाशीही आणि चर्चमध्येही. तिला गरिबाची भाकर आणि वेदीवरची होस्ती यांच्यात भांडण कधी दिसलंच नाही. तुम्ही शिकलेल्यांनी ते लावलंत. मला राग याचा येतो की तुला तिची श्रद्धा मोडायची असती तर तू तिच्याशी वाद घालायचा होतास, ती तुला पुरून उरली असती नाहीतर हरली असती. तू वाद घातलाच नाहीस. तू फक्त भाकरी मागितल्यास.

तू सातएक वर्षांचा असताना आपण मिस्सा-मिस्सा खेळायचो. माझी ओढणी तुझ्या खांद्यावर, आणि वाटीने गोल कापलेली भाकर. तू मोठ्या गांभीर्याने ‘ख्रिस्ताचं शरीर’ म्हणायचास आणि मी ‘आमेन’ म्हणून हसायचे. एकदा आईने पाहिलं. मला वाटलं, आता मार बसणार. तिने त्या चकत्या ओंजळीत घेतल्या, आपल्या दोघांना समोर बसवून खायला लावल्या, एक कण खाली पडू दिला नाही, आणि म्हणाली, ‘खेळा, पन खेळ हाये हे ध्यानात ठिवा.’ त्या संध्याकाळी ती बाबांना म्हणाली की हा पोरगा वेदीवर जाणार. तेव्हा तुला ठाऊक होतं की तो खेळ आहे. आता तुला काय वाटतं? मला खरंच विचारायचं आहे, देवानंद, टोमणा नाही. त्या गुरुवारी तू भाकर वर उचललीस तेव्हा तुझ्या हातात कोण होतं? तुझा अजून विश्वास आहे की नाही, हे इतक्या वर्षांत मी तुला विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटत होती. अजूनही वाटते.

आणखी एक आठवण. आपण सगळे एसटीने चिखलदऱ्याला गेलो होतो. कंडक्टरने तुझं वय विचारलं आणि बाबांनी अर्धं तिकीट वाचवायला सांगितलं, चार. आई खिडकीशी बसली होती, ती वळली आणि म्हणाली, ‘नाई बाप्पा, पाच सरले त्याले.’ सगळी गाडी हसली. बाबा संपूर्ण घाटभर तिच्याशी बोलले नाहीत. वर पोचल्यावर ते म्हणाले, एवढ्याशा गोष्टीत खोटं बोलली असतीस तर काय बिघडत होतं? ती म्हणाली, ‘ज्या जिभेवर देव ठेवाचा, ते जीभ मी साफ ठेवतो.’ तिच्या त्या खरेपणाचा आपल्याला लहानपणी किती वैताग यायचा! शेजारी दाराशी आले आणि आपण घरात नाही असं सांग म्हटलं, तर ती सांगायची, आहेत, पण भेटायचं नाही म्हणतात. आपण पांघरुणात तोंड खुपसून हसायचो.

आता मी जे लिहायला बसले त्याच्यापाशी येते. फादर सिल्व्हेस्टरांनी फोनवर मला सांगितलं की तू त्यांना काय उत्तर दिलंस. तू म्हणालास की ही तुझ्या एकट्याची लहर नव्हती, वस्तीच्या लोकांचीच मागणी होती. आणि जुन्या वळणाच्या श्रद्धाळू बाईलाही यात काही गैर वाटत नाही, याचा पुरावा म्हणजे खुद्द तुझी आई, तिने मिस्सेसाठीच म्हणून त्या भाकरी जाणूनबुजून स्वतःच्या हाताने करून दिल्या. मी म्हटलं, फादर, तुमच्या ऐकण्यात चूक झाली असेल. ते म्हणाले, नाही बाई, दोनदा विचारलं. देवानंद, तू असं का बोललास ते मला कळतं. काम जाईल, वस्ती सुटेल, नत्थुजी आणि त्या सगळ्या बाया पुन्हा वाऱ्यावर पडतील, ही भीती खरी आहे. पण तू आईच्या आड लपलास. तुझ्या नव्या देवशास्त्रात गुडघे टेकायची गरज नसेल, तर नको टेकू. खरं बोलण्याची तरी गरज असेल ना?

मी हे आईला सांगणार नव्हते. पण फोनवर मी मोठ्याने बोलते, आणि ती दारातच उभी होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. काल संध्याकाळी फळीवरच्या डब्याशी बराच वेळ बसून राहिली, मग स्वयंपाकघरात येऊन शांतपणे म्हणाली, ‘मी सांगीन, मले मालूम होतं म्हनून. मिस्सेसाठीच देल्ल्या म्हनीन. माह्यं परसाद घेनं राहिलं त राहिलं, मले आता किती दिवस काढाचे हायेत. त्याची वेदी नाई जायले पाह्यजे.’ मी चिडले, ओरडले, तिचे हात धरले. ती ऐकत नाही. ती कधीच कोणाचं ऐकत नाही, तू तिच्यावरच गेला आहेस. म्हणून तुला लिहिते आहे, चौकशीतून वाचवण्यासाठी नाही. शनिवारी सकाळी ते यायच्या आत तू घरी ये. तिच्यासमोर बस आणि तो डबा उघड. त्यात प्रभू आहे असं तुला वाटत असेल, तर तिच्यादेखत गुडघे टेकून ती अर्धी भाकर खा. वाटत नसेल, तर तसं तिला सांग, आपण तिघं मिळून ती कढीपत्त्याच्या मुळाशी पुरू. ती ते सोसेल. आणि मग फादर सिल्व्हेस्टर आले की तिच्या आधी तू बोल. तिने जन्मभर जी जीभ देवासाठी साफ ठेवली, त्या जिभेने ती शनिवारी पहिलं खोटं बोलणार आहे, आणि तेही तुझ्यासाठी. तिला बोलू देऊ नकोस, देवा. लवकर ये.

वाट बघणारी तुझीच,
रागिणीताई